पैसे आले, म्हणजे नेमकं काय झालं?

हा भाग ऐकायच्या ऐवजी जे वाचतायत त्यांच्यासाठी आधीच सांगते: माझे "म्हणजे", "अ‍ॅक्च्युअली" बरेचसे काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

मेसेजमध्ये मला सारखा येणारा एक प्रश्न आहे. "पी-टू-पीवर यूएसडीटी विकायचाय. समोरच्याने पैसे पाठवलेच नाहीत तर?"

प्रश्न बरोबर आहे. पण खरं सांगू का, या भीतीवर उपाय बऱ्यापैकी सापडलेला आहे. आज मला जास्त भीती वाटते ती उलट गोष्टीची. पैसे येतात. खरेखुरे येतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिसतात, तुम्ही त्यातून भाडं भरता, पिझ्झा मागवता. आणि आठ-दहा दिवसांनी खातं बंद. कारण ते पैसे ज्याने पाठवले असं तुम्हाला वाटत होतं, त्याचे ते नव्हतेच.

तर आज याच्यावर बोलायचंय. "पैसे आले" हे दोन शब्द आपण फार पटकन उच्चारतो. मी नोकरीत पेमेंटच्या बॅकएंडवर काम करते, आणि तिथे "आले" असा एकच शब्द नसतो. मेसेज आला, खात्यात जमा झाले, ते कोणाच्या खात्यातून आले, आणि त्यावर कोणी हरकत घेतली का, या सगळ्या वेगवेगळ्या अवस्था आहेत. फसवणारा माणूस या अवस्थांच्या मधल्या फटीत राहतो.

सुरुवात सोप्या फटीपासून. पैसे आलेच नाहीत, फक्त तसं दिसलं.

तुम्ही जुना सोफा विकायला ऑनलाइन टाकता. पाच मिनिटांत फोन. "मॅडम, मी आर्मीत आहे, पोस्टिंग झालंय, सोफा लगेच पाहिजे, भाव करत नाही." युनिफॉर्ममधला फोटो, आयकार्ड, सगळं पाठवतो. मग म्हणतो, क्यूआर कोड पाठवतोय, स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील. हा प्रकार इतका जुना झालाय की यावर मीम आहेत, तरी लोक अजून अडकतात. यूपीआय २०१६ मध्ये आलं, तेव्हापासून नियम बदललेला नाही: पिन हा पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी कधीच लागत नाही. ओळखीत एकमेकांकडे पैसे मागायची जी "कलेक्ट रिक्वेस्ट" होती, ती तर एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली. पण क्यूआर कोड आहेच. घरी आई-बाबांना एकदा समोर बसवून दाखवा. नुसतं सांगून भागत नाही.

याच जातीचे दोन भाऊ. एक, बनावट स्क्रीनशॉट. हिरवी टिक, रक्कम, यूटीआर नंबर, सगळं व्यवस्थित. असे स्क्रीनशॉट बनवून देणारी अ‍ॅप्स आहेत, अ‍ॅनिमेशन आणि आवाजासकट. दोन, बनावट एसएमएस. "तुमच्या खात्यात २५,००० जमा." मागोमाग रडका फोन: "ताई, २,५०० पाठवायचे होते, एक शून्य जास्त पडलं, वरचे परत करा ना, हॉस्पिटलमध्ये आहे." दोन्हीवर उपाय एकच. बँकेचं अ‍ॅप उघडा, बॅलन्स नाही, स्टेटमेंटमधली नोंद बघा. समोरच्याने पाठवलेली कुठलीही गोष्ट पुरावा नाही, मग ती कितीही हिरवी असो.

हे झालं सोपं. आता खऱ्या विषयाकडे.

ज्यांनी पी-टू-पी केलेलं नाही त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटात. एका एक्स्चेंजवर तुम्ही जाहिरात टाकता: माझ्याकडे ४०० यूएसडीटी आहेत, अमुक भावाने विकणार. खरेदीदार ऑर्डर घेतो. त्या क्षणी तुमचे ४०० यूएसडीटी एस्क्रोमध्ये अडकतात, म्हणजे एक्स्चेंज ते मधल्या मध्ये धरून ठेवतं. खरेदीदार तुमच्या बँक खात्यात रुपये पाठवतो आणि "पेड"चं बटण दाबतो. तुम्ही खातं तपासता, "रिलीज" दाबता, नाणी त्याला मिळतात. रुपये आले नाहीत तर रिलीज करायचं नाही, तक्रार टाकायची. म्हणून मघाशी म्हटलं, "पैसे पाठवलेच नाहीत तर" यावर उपाय सापडलेला आहे.

पण एस्क्रो काय तपासतं? नाणी अडकवली का, एवढंच. रुपये बँकेतून येतात, आणि ते कोणाचे आहेत हे एक्स्चेंजला दिसत नाही. ते फक्त तुम्हाला दिसतं.

आता एक चित्र डोळ्यासमोर आणा. नागपुरात एक काकू आहेत. त्यांना सेकंडहँड फ्रिज पाहिजे. ऑनलाइन जाहिरात दिसते, चांगल्या कंपनीचा डबल डोअर, फक्त ३०,०००. विकणारा गोड बोलतो. त्याला आपण "तो" म्हणू. त्याच्याकडे फ्रिज नाही, कुठूनतरी उचललेले फोटो आहेत. दुसऱ्या टॅबमध्ये त्याने तुमची ऑर्डर घेतलीय, ३०,००० रुपयांच्या यूएसडीटीची. तुम्ही ऑर्डरमध्ये तुमचा यूपीआय आयडी दिलात. त्याने तोच काकूंना पाठवला. "काकू, यावर टाका, संध्याकाळी टेम्पो येईल."

काकूंनी पैसे पाठवले. तुमच्या खात्यात ३०,००० जमा. स्क्रीनशॉट नाही, एसएमएस नाही, खरोखर जमा. तुम्ही रिलीज दाबलं. त्याने नाणी दहा मिनिटांत बाहेरच्या वॉलेटमध्ये काढली. संध्याकाळी टेम्पो आला नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी १९३० ला फोन केला, आणि तक्रारीत खातं कोणाचं लिहिलं? तुमचं. त्यांच्या दृष्टीने फ्रिजवाला चोर म्हणजे तुम्ही. त्याचं नाव, नंबर, चेहरा त्या तक्रारीत कुठेच नाही.

याला त्रिकोणी फसवणूक म्हणतात. मला ती अभ्यास म्हणून फार विचित्र वाटते, कारण त्याने एकही खोटं पेमेंट केलेलं नाही. दोन खऱ्या माणसांमध्ये एक खरा व्यवहार लावून दिला आणि मधला माल उचलला. जुन्या फ्रिजच्या बाजारातला बळी आणि क्रिप्टोच्या बाजारातला बळी एकाच धाग्याने बांधलेले, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

इथे तांत्रिक मुद्दा काय, तर व्यवहाराच्या दोन बाजू सारख्या पक्क्या नाहीत. यूएसडीटी एकदा ट्रॉनसारख्या ब्लॉकचेनवर बाहेर गेला की गेला. (टेदर कंपनी पोलिसांच्या सांगण्यावरून एखादं वॉलेट गोठवू शकते, पण आपल्या तीस हजारांसाठी तसं होईल या आशेवर राहू नका.) रुपयांची बाजू मात्र उघडी राहते. काकूंना यूपीआयचे पैसे बटण दाबून परत ओढता येत नाहीत, पण तक्रार झाली की बँक ते रोखू शकते. परदेशात आहेत आपले श्रोते, त्यांच्याकडे हे आणखी सोपं आहे: पेपालवर खरेदीदाराला १८० दिवस वाद उघडता येतो. म्हणजे तुम्ही दिलेलं कायमचं, तुम्हाला मिळालेलं तात्पुरतं.

माझ्या ओळखीत हे घडलंय. पुण्यात नोकरीला असलेला मित्र, नाव घेत नाही, बँकेचंही घेत नाही. ३८,००० चा यूएसडीटी विकला. नवव्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर वीस रुपयांचं पेमेंट फेल. त्याला वाटलं सर्व्हर डाऊन. दुपारी शाखेत गेला तर उत्तर मिळालं, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून आदेश आहे, आम्ही काही करू शकत नाही. तक्रार ३८,००० ची, पण बंद झालं पूर्ण खातं. तेच पगाराचं खातं. त्यातून गावच्या घराचा हप्ता जायचा, तो बाउन्स. बहिणीच्या होस्टेलची फी भरायची होती, ती मित्रांनी गोळा करून भरली. पगार दुसऱ्या खात्यात वळवायला एचआरला कारण सांगावं लागलं, आणि "सायबर पोलिसांनी खातं गोठवलंय" हे वाक्य एचआरसमोर कसंही बोललं तरी ऐकू काय येतं ते तुम्हाला माहीत आहे.

बाकीचं खातं मोकळं व्हायला चार महिने लागले. ३८,००० अजून अडकलेलेच आहेत. आणि इथे मला त्याची बाजू घेऊन रागावता येत नाही पूर्णपणे. ते पैसे एका बाईंचे होते, त्यांच्याकडूनही फसवून घेतलेले. दोघांपैकी कोणालातरी तोटा होणार, कारण तिसरा कधीच निघून गेला.

त्याच्या ऑर्डरचं रेकॉर्ड मी नंतर बघितलं. एक्स्चेंजवर खरेदीदाराचं केवायसीचं नाव एका पुरुषाचं, बँक स्टेटमेंटमध्ये पैसे एका बाईंच्या नावाने. चॅटमध्ये खरेदीदाराने लिहिलेलं: "मिसेसच्या अकाउंटवरून टाकलेत."

बास, एवढंच असतं. त्या एका ओळीवर सगळं ठरतं. "मिसेसचं अकाउंट", "कंपनीचं करंट अकाउंट", "माझी एक लाखाची लिमिट संपली म्हणून भावाच्या खात्यावरून", "पार्टनरने पाठवलेत". कारण नेहमी साधं आणि पटण्यासारखं असतं, कारण आपणही घरात असंच करतो. पण पी-टू-पीमध्ये ज्या नावाने केवायसी त्याच नावाच्या खात्यातून पैसे, यात सूट द्यायची नाही. तो किती का चांगला बोलेना, ऑर्डर किती का जुनी असेना.

हे ऑर्डर सुरू व्हायच्या आधी चॅटमध्ये लिहून टाका: फक्त स्वतःच्या खात्यातून, थर्ड पार्टी पेमेंट चालणार नाही. आणि तरी दुसऱ्याच्या नावाने पैसे आलेच तर? रिलीज करायचं नाही. ऑर्डरवर अपील टाका, स्टेटमेंटचा फोटो जोडा. तो म्हणेल, "ठीक आहे, मग पैसे परत करा, या दुसऱ्या आयडीवर." तिथेच तर त्याला पाहिजेत! परत जायचे असतील तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, तेही प्लॅटफॉर्मच्या सपोर्टने लेखी सांगितल्यावर. दरम्यान तो ओरडेल, शिव्या देईल, पोलिसात जातो म्हणेल. जाऊ दे. खरा माणूस असेल तर त्याचे पैसे सुरक्षित आहेत, थोडा उशीर होईल इतकंच.

काकूंच्या बाजूनेही हेच नाव दिसत होतं, बरं का. २०२५ च्या जूनअखेरपासून यूपीआय अ‍ॅप्सना पैसे पाठवताना बँकेत नोंदलेलं नाव दाखवावं लागतं, कोणी स्वतःला दिलेलं टोपणनाव नाही. फ्रिज विकणारा एक, नाव भलतंच दिसतंय, तर पिन टाकायच्या आधी थांबायचं. मोठी वस्तू असेल तर घरी जाऊन बघून, चालू करून, मगच पैसे. आगाऊ टोकन मागणारा "दुसरी पार्टी पण तयार आहे" म्हणतोच म्हणतो. घेऊ दे दुसऱ्या पार्टीला.

आता भावाबद्दल. बाजारात यूएसडीटीचा जो भाव चालू आहे त्याच्यापेक्षा तीन-चार रुपये जास्त द्यायला कोणी तयार असेल तर तुम्हाला वाटतं, चला, चांगलं गिऱ्हाईक मिळालं. मला वाटतं, हा माणूस महाग का घेतोय? कारण त्याचे रुपये त्याला स्वस्तात पडलेत. दुसऱ्यांचे आहेत ना. ते जास्तीचे तीन रुपये म्हणजे तुमच्या खात्याचं भाडं आहे. टेलिग्रामवर तर हे उघडच चालतं, "खातं द्या, कमिशन घ्या". त्याला म्यूल खातं म्हणतात, आणि कॉलेजची मुलं त्यात सर्रास ओढली जातात. कोणी तुमच्याकडे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम महिन्याच्या भाड्याने मागितलं तर तो मित्र नाही, एवढं ऐकून ठेवा.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. नाव जुळलं म्हणजे सगळं सुरक्षित असं नाही. खरेदीदार स्वतःच म्यूल असू शकतो, केवायसीही त्याचं, खातंही त्याचं, पैसे मात्र कुठल्यातरी तिसऱ्या माणसाला गंडवून आलेले. तपास एका खात्यावर थांबत नाही. पैसे पुढे जिथे जिथे गेले त्या खात्यांवरही लिएन लागतं. म्हणजे नाव जुळवण्याने त्रिकोण तुटतो, साखळी तुटत नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर, आणि हे माझं मत आहे, विकून रुपयेच पाहिजे असतील आणि रक्कम छोटी असेल, तर पी-टू-पी करूच नका. एफआययूकडे नोंदणी असलेल्या भारतीय एक्स्चेंजवर थेट विका. मार्च २०२३ पासून हे धंदे मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आलेत, नोंदणी तपासता येते. तिथे रुपये एक्स्चेंजच्या खात्यातून येतात, कोणा काकूंच्या नाही. एक्स्चेंज कधीच अडचणीत येत नाही असं मी म्हणत नाहीये, पण हा विशिष्ट धोका टळतो. लोक पी-टू-पीकडे जातात ते बऱ्याचदा एक टक्का टीडीएस टाळायला. अरे, १ जुलै २०२२ पासून लागू झालेला तो टीडीएस म्हणजे जास्तीचा कर नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो. आणि पी-टू-पी केलं म्हणून कर सुटतही नाही. त्या एक टक्क्यासाठी पगाराचं खातं पणाला लावायचं?

आणि तरी करणारच असाल, तर त्यासाठी वेगळं खातं ठेवा. पगार, हप्ते, एसआयपी, यातलं काहीही त्या खात्यात नको. आलेली रक्कम त्याच दिवशी मुख्य खात्यात वळवायची घाईही नको, नाहीतर साखळी तुम्हीच स्वतःच्या घरापर्यंत आणाल.

विकत घेणाऱ्यांसाठी पटकन दोन गोष्टी. रुपये पाठवल्यावर विकणारा म्हणतो, "सिस्टीम एरर आहे, तुम्ही ऑर्डर कॅन्सल करा, मी नवीन पाठवतो." कॅन्सल केली की एस्क्रोतली नाणी त्याच्याकडे परत, आणि तुमचे रुपये तर आधीच त्याच्याकडे आहेत. एकदा पैसे पाठवले की कॅन्सलला हात लावायचा नाही. दुसरी, व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर "सपोर्ट टीम"चा फोन येतो. कुठलंही एक्स्चेंज तिथून तुमचा वाद सोडवत नाही. चॅट प्लॅटफॉर्मच्या आतच ठेवा, कारण उद्या दाखवायला तोच पुरावा आहे. "बाहेर बोलू, भाव जास्त देतो" याचा अर्थ पुरावा नको, इतका सरळ आहे.

आता झालंच तर काय करायचं.

तुम्ही काकूंच्या जागी असाल, तर वेळ मिनिटांत मोजा. १९३० वर फोन, नाहीतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार. आधी बँकेत जाऊ, मग बघू, असं नको. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत रोखले गेले तर मिळायची शक्यता राहते. यूटीआर नंबर, समोरचा आयडी, फोन नंबर हाताशी ठेवा.

तुम्ही माझ्या मित्राच्या जागी असाल, तर शाखेत भांडून उपयोग नाही, कर्मचाऱ्याच्या हातात ते नसतं. तिथून तीन गोष्टी लेखी घ्या: तक्रारीचा नोंद क्रमांक, कुठलं पोलिस ठाणं, आणि किती रकमेवर हरकत आहे. मालमत्ता रोखायचा पोलिसांचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे, जुन्या सीआरपीसीचं कलम १०२. त्या तपास अधिकाऱ्याला ईमेल करा. ऑर्डर क्रमांक, एस्क्रोचं रेकॉर्ड, पूर्ण चॅट, खरेदीदाराचं केवायसीचं नाव, तुमची नाणी आधी कुठून आली त्याचा हिशोब, सगळं एका पीडीएफमध्ये. आणि स्पष्ट विनंती करा की लिएन वादातल्या रकमेपुरतंच ठेवावं. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत बँकांना तसं सांगितलंय, इतर उच्च न्यायालयांकडेही लोक याच मागणीसाठी जातात. रक्कम मोठी असेल तर वकील लागेल. "पाच हजारांत खातं उघडून देतो" म्हणणारे टेलिग्रामवर भेटतील, ती पुढची फसवणूक.

क्रिप्टो बेकायदा आहे म्हणून पोलिसांना सांगायचं नाही, असं काही जण समजतात. तसं नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं, आणि २०२२ पासून सरकार यावर तीस टक्के कर घेतंय. जे केलं ते सरळ सांगा, कागद लावून सांगा. लपवलं तरच संशय वाढतो.

माझ्या मित्राला शेवटी उपयोगी पडलं ते चॅट. "मिसेसच्या अकाउंटवरून" ही ओळ जशीच्या तशी तपास अधिकाऱ्याकडे गेली, आणि त्यावरून तो खरेदीदाराच्या केवायसीपर्यंत पोहोचला. म्हणून जुन्या ऑर्डर आजच डाउनलोड करून ठेवा. काही प्लॅटफॉर्म जुनं रेकॉर्ड ठरावीक काळच दाखवतात.

पुढच्या भागात रिटर्नमधलं शेड्यूल व्हीडीए भरून बघू, स्क्रीन शेअर करून. तोपर्यंत तुमच्याकडे अशी एखादी ऑर्डर असेल आणि नाव जुळत नसेल, तर रिलीज दाबायच्या आधी मेसेज करा, मी रात्री बघते. चला, भेटू.